तिच्या डाव्या हाताला

“ते धूड आधी बाहेर काढ, ताई! मला ते डोळ्यांसमोर नको.”

“धूड कुणाला म्हणतोस रे? आणि ओरडतोस कशाला? मी अर्धीच बहिरी आहे.”

भावाबहिणीचं हे भांडण सकाळपासून चाललंय, आणि त्यातलं धूड म्हणजे मी. गिटारचा जुना अॅम्प्लिफायर. गॅरेजच्या भिंतीशी स्टुलावर, अंगावर चादर घेऊन निमूट ऐकतोय. दाराशी टेम्पो उभा आहे. भावाने मला देऊन टाकलंय आणि माझ्याबरोबर गिटारही पाठवायला काढलीय. आता तोंड उघडलं नाही, तर माझी कहाणी टेम्पोतच संपायची.

माझी पेटी लाकडाची, वर काळं रेक्झिन, पुढे कापडी जाळी आणि पोटात काचेचे व्हॉल्व्ह. ते तापून नारिंगी झाल्याशिवाय मी बोलत नाही. हल्लीच्या हलक्या डब्यांसारखा बटण दाबताच भुंकायला लागणारा मी नव्हे. हे मी मिजाशीनेच सांगतोय.

पहिला मालक हॉटेलात वाजवायचा. लोक जेवत असायचे, म्हणून मला सदा दबक्या आवाजात ठेवायचा. रोज पुसायचा, जिवापाड जपायचा, पण माझा खरा गळा त्याला कधी कळलाच नाही. पुढे त्याची बोटं आखडली आणि मी दुरुस्तीच्या दुकानात, मिक्सर आणि पंख्यांच्या गर्दीत, धूळ खात पडलो.

तिथून मला या भावाने उचललं. तेव्हा कोवळा पोरगा होता, मानेवर केस रुळणारा. मोठी बहीण ड्रम वाजवायची, तिचा मित्र लंबू बेस गिटार. तिघांचा मिळून रॉक बँड, सराव याच गॅरेजमध्ये.

माझी एक खोड आहे. आवाज पार वर नेला की माझा सूर फाटतो, आणि त्या फाटण्यातच माझा सगळा गोडवा. पोराने पहिल्याच दिवशी बटण शेवटपर्यंत पिळलं आणि आनंदाने उडालाच. “ताई, ऐकलंस?”

“कुठून ऐकणार? इथे मला माझाच धबडगा ऐकू येतोय. त्याला स्टुलावर चढव आणि तोंड माझ्याकडे कर!”

चढवलं. ती बसून वाजवणारी, त्यामुळे माझं तोंड नेमकं तिच्या डाव्या कानाच्या रेषेत आलं, हातभर अंतरावर. त्या दिवशी वादन असं काही जमलं, की मग ती जागा कुणी हलवलीच नाही. एकदा मनासारखं जमलं की माणसांना स्टूलसुद्धा शुभ वाटायला लागतं.

एकदा ती कानांत कापूस घालून आली. भाऊ फिस्सकन हसला. “कापूस घालून रॉक वाजवणार? आजीबाई झालीस की काय?” लंबूही हसला. तिने बोळे काढले, भावाच्या तोंडावर फेकले आणि पुन्हा कधी घातले नाहीत. त्या दिवशी मी जरा जास्तच गरजलो. बटण माझ्या हातात नव्हतं, हे खरं. पण हळू बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही, त्याचं काय करू?

वर्षं गेली. भावाचे केस गेले, लंबूचं पोट आलं, माझं स्टूल तिथेच. मग एका दुपारी भाऊ डावीकडून म्हणाला, “ताई, चहा घेतेस?” ती ड्रमचे स्क्रू आवळत राहिली. रुसली असेल म्हणून त्याने पुन्हा विचारलं. मग अगदी जवळ गेला, तशी ती दचकली. “असा भुतासारखा काय येतोस?”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला, तो मी पाहिलाय.

डॉक्टरांनी तिचा डावा कान तपासून विचारलं म्हणे, की इतकी वर्षं या बाजूला होतं तरी काय. त्या दिवसापासून भावाने गिटारला हात लावला नाही. रोज यायचा, माझ्या चादरीचं टोक उचलायचा, पुन्हा खाली सोडायचा. व्हॉल्व्ह थंड पडले त्याचं मला काही नाही. त्याचं ते टोक उचलून सोडणं सोसत नाही.

मला न्यायचं तर न्या, मी जाईन. पण गिटार इथेच राहू द्या. आणि जो कुणी मला पुढे वाजवेल, त्याने बटण पिळण्याआधी माझ्यासमोर कोण बसलंय ते बघावं, एवढीच विनवणी.

“मी हसलो होतो तुला,” भाऊ आता म्हणतोय. “तुझा कान माझ्यामुळे गेला.”

“हसलास, ठाऊक आहे. आणि तोंड माझ्याकडे कर, हे कोण म्हणालं होतं? मी मोठी होते, अक्कल मला नको होती?”

“मी नाही वाजवणार, ताई. संपलं.”

तिने माझ्यावरची चादर ओढून फेकली. कुणाला हाक न मारता, कण्हत, मला कवेत धरून खाली फरशीवर उतरवलं आणि स्टूल पायाने लोटून दिलं. पर्समधून कापूस काढून ड्रमवर आपटला. “हा कापूस. आता हसून दाखव.”

तो हसला नाही. ती ड्रममागे जाऊन बसली, उजवा कान त्याच्याकडे वळवला आणि म्हणाली,

“याला इथेच राहू दे, माझ्या डाव्या हाताला, पण खाली जमिनीवर, आणि तू वाजवणारच नसशील, तर हा उरलेला कान मी कशासाठी सांभाळायचा, तेवढं सांग.”