गादीतली नाळ

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली त्या सालापासूनच गाव म्हणत होतं की आता मालगुजारही जातील. जायला त्यांना दोन-तीन वर्षं लागली, कारण मोठ्या माणसाचं उठणंही मोठंच असतं. शेवटी एका माघात त्यांनी नागपूरला बिऱ्हाड हलवलं आणि मागं उरलेल्या सामानाचा लिलाव पुकारला. दवंडी फिरली तेव्हा भागीरथा ओट्यावर बसून फाटकं जाळं सांधत होती. दवंडीवाल्यानं झुंबरं सांगितली, मेणा सांगितला, सुतारखान्यातले जुने आरे न् रंधे सांगितले. सगळ्यात शेवटी त्यानं मोटार सांगितली आणि भागीरथाच्या हातातलं जाळं तसंच मांडीवर राहिलं.

आता म्हणाल, ढिवराच्या बाईला मालगुजाराच्या मोटारीचं काय पडलंय? तर पडलं होतं. तिच्या पोरीचा जीव त्या मोटारीत होता.

सोळा वर्षांपूर्वी सुकरीच्या वेळी भागीरथा अडली. गावच्या सुईणीनं हात टेकले तेव्हा मालगुजारीणबाईंनी मोटार काढायला लावली. दवाखाना सावलीला, म्हणजे वैनगंगेच्या पल्याड. पुलाचं नाव नव्हतं. मोटार पार करायची रीत ठरलेली होती: दोन डोंगे जवळ जवळ बांधायचे, वर फळ्या टाकायच्या आणि मोटार त्यावर चढवायची. भागीरथाचा नवरा मनसाराम स्वतः बांबू मारत होता. मागच्या गादीवर भागीरथा, तिच्या उशाला सासू ताराबाई, आणि पुढं इतवारी ड्रायव्हर पाठ करून पाण्याकडं बघत बसलेला. मधल्या धारेत सुकरी जन्माला आली. इतवारीला काय झालं कोण जाणे, त्यानं भोंगा दाबला. पहिली हाक मोटारीनं दिली आणि पोर मागून रडली. मनसारामानं डोंगे तिथूनच माघारी वळवले.

ज्या जागी मूल पडतं त्या जागी त्याची नाळ पुरायची. जिथं नाळ तिथं जीव ओढ घेतो, म्हणून तर कुठून न हलणाऱ्या माणसाला लोक विचारतात, तुझी नाळ पुरलीय का इथं? ताराबाई रीतीला पक्की. पण ही पोर पडली कुठं? ना या काठावर, ना त्या काठावर. नदीत तर काही पुरता येत नाही. ताराबाईनं बराच विचार केला आणि तिच्या हिशेबी उरली ती मोटार. नाळ सुकून गळली तेव्हा ती हळदीच्या चिंधीत बांधून ताराबाई वाड्याचा गाडीखाना सारवायच्या निमित्तानं आत गेली. मागच्या गादीची शिवण उसवून तिनं पुरचुंडी काथ्यात खोल सारली, जाळ्याच्या सुतानं शिवण घातली आणि वर ढिवराची गाठ मारली, पाण्यात भिजली तरी न सुटणारी. हे फक्त सुनेला सांगितलं आणि कालांतरानं म्हातारी देवाघरी गेली.

पुढं लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून मोटार गाडीखान्यात उभी केली, ती कायमची. टप उंदरांनी खाल्ला, चाकं जमिनीत रुतली. पितळेचे दोन दिवे मात्र संध्याकाळच्या उन्हात असे उजळायचे की मोटार जागी आहे असं वाटावं. सुकरी चालायला लागली तशी तिथंच जायला लागली. मागच्या गादीवर पाय पोटाशी घेऊन बसायची, डोळे अर्धे मिटायची आणि काय काय बघायची. घरी आली की सांगायची, आज मोटार मोहाच्या जंगलातून गेली, फुलं टपावर पडत होती, वाघानं बाजूला होऊन वाट दिली. आज चांद्याच्या वेशीतून गेली. आज एक तलाव लागला, त्याला पल्याडचा काठच नव्हता. पोरीनं जवळचं वडसासुद्धा पाहिलं नव्हतं. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, मोटारीत जन्मली, हिच्या पायाला चाकं. भागीरथाही हसायची, पण संध्याकाळी आंधण चढवलं की तीच विचारायची, मंग आज कुठवर गेलती तुही मोटार? त्या गोष्टींवाचून तिला भात गोड लागायचा नाही.

आणि नेमक्या दवंडीच्या त्याच दिवसांत सावलीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा निरोप आला होता. सुकरी हुशार आहे, चौथी शिकली आहे, तिला चांद्याला दाईचं काम शिकायला पाठवा. मनसाराम म्हणाला, जाऊ दे. सुकरी त्या दिवसापासून रोज काठावर जाऊन पल्याड बघायला लागली. भागीरथानं जबाब दिला नव्हता. एकुलती एक पोर, आणि चांदा म्हणजे तिच्या लेखी परमुलूखच. त्यात आता मोटार विकली जाणार. मोटार दूर गेली तर नाळेमागं पोर जाईल, आणि जाईल ती कायमची. तिनं मनाशी ठरवलं की मोटार जावो, नाळ जाणार नाही. ती काढायची आणि आपल्या आंगणात पुरायची, मग कोण कुठं जातं ते बघू.

लिलावाच्या दिवशी सगळा गाव वाड्यापुढं लोटला. घेणारे थोडे, बघणारे सतराशे साठ. वरोऱ्याच्या एका व्यापाऱ्यानं झुंबरं घेतली. सुतारखान्यातले आरे गावच्या सुतारानं उचलले आणि लगेच अंगठ्यानं दाते तपासत बसला. मेण्याला गिऱ्हाईक मिळेना. त्यात बसणारे संपले होते आणि वाहणारे आता दुसऱ्याचं ओझं घ्यायला तयार नव्हते. मग मोटारीची पाळी आली. तिच्यासाठी थेट मुंबईहून एक गोरेले, पांढऱ्या टोपीचे गृहस्थ आले होते. त्यांना म्हणे जुन्या मोटारींचा नाद. त्यांनी पितळी दिव्यांवरून असा हात फिरवला जसा शेतकरी विकत घ्यायच्या गाईच्या पाठीवरून फिरवतो. बोली त्यांच्यावरच येऊन थांबली. पुकारणारा एक म्हणाला, दोन म्हणाला, आणि गर्दीतून भागीरथा पुढं झाली.

लोक हसले. कुणीतरी विचारलं की बाई मोटार घेऊन राह्यल्या की काय. तिनं पदर सावरला आणि त्या गृहस्थांना एवढंच म्हणाली, "साहेब, माह्यं एक सामान राह्यलं हाय आत. तेवढं घेऊ द्या."

गृहस्थ भले होते. त्यांनी पुकारणाऱ्याला थांबवलं आणि स्वतः दार उघडून धरलं. सोळा वर्षांनी भागीरथा त्या पायरीवर चढली. गादीच्या शिवणीवरून बोटं नेताना तिला सासूची गाठ लागली, न बघता ओळखू आली. सूत कापायची सुरी कमरेला होतीच. गाठ कापली, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि काथ्यातून पिवळी चिंधी निघाली. मूठ आवळून ती खाली उतरली तेव्हा सुकरी गाडीखान्याच्या दाराशी उभी राहून बघत होती.

मोटार त्याच दिवशी निघाली. बैलांनी ती काठापर्यंत ओढली आणि दोन डोंग्यांवर ती पुन्हा चढली. पुन्हा मनसारामच बांबू मारत होता. पाण्यावर धुकट ऊन पडलं होतं, आणि त्यात मोटार चाकं न फिरवता हळूहळू चालली होती. सगळं गाव काठावर उभं होतं. भागीरथानं पोरीला मूठ उघडून दाखवली, सगळं सांगितलं आणि म्हणाली की आता ही आपल्या आंगणात पुरू. सुकरी म्हणाली, "बरं."

घरी आल्यावर खुरपं तिनंच आणून दिलं. भागीरथानं आंगणातल्या चुलीच्या बाजूला भिंतीशी खड्डा घेतला. सुकरी गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बघत होती. जिंकलेल्या माणसाला जरा बोलावंसं वाटतं, तसं भागीरथाला वाटलं. रोजच्यासारखंच तिनं विचारलं, मोटार आता कुठवर गेली असंल वो?

सुकरीनं डोळे अर्धे मिटले. गादीवर घ्यायची तसे पाय पोटाशी ओढले. मग डोळे उघडून आईकडं पाहिलं.

"मले काईच दिसत नाई, माय."

पोर समोर होती, हात लावावा इतकी जवळ, आणि तरी घर रिकामं वाटत होतं. चुलीवर आंधण उकळत होतं, त्यात तांदूळ घालायचं सुचेना. तिला कळलं की पोर राहील. भात रांधील, जाळं सांधील, कुठल्यातरी घरी नांदायला जाईल, आणि तिला कधीच काही दिसणार नाही. असली पोर घेऊन काय करायचं? रडू आलं तसं तिनं ते येऊ दिलं.

मग ती उठली. पुरचुंडी तिनं खड्ड्यात टाकली नाही. सुकरीच्या पदराचा कोपरा ओढला, त्यात ठेवला आणि वर तीच ढिवराची गाठ मारली, सासूनं शिकवलेली.

"तुही नाळ तुह्यापाशी ठेव," ती म्हणाली. "जिथी तू, तिथी नाळ. माह्या मुठीत नोको राहू."

सकाळी मनसारामानं डोंगा सोडला. सुकरी टोकाशी बसली, मांडीवर नर्सबाईंकडं न्यायचं गाठोडं आणि हातात पदराची गाठ. भागीरथा घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. डोंगा मधल्या धारेला लागला, जिथं कधीकाळी भोंगा वाजला होता तिथं, आणि सुकरीनं मागं वळून हाक दिली. पाण्यावरून आवाज जरा उशिरा आला.

"दिसून राह्यलं, माय!"

काय दिसतं ते भागीरथानं विचारलं नाही. ते ती परत येऊन सांगणार होती.