तीन नंबरचं बटण

लकव्यात मंगळू गुरुजींची वाचा गेली ती परत आलीच नाही. तिच्याबरोबर उजवा हात आणि दोन्ही पाय गेले. उरला डावा हात, आणि त्या हातासाठी मुलाने, हेमंतने, आणलेला वहीएवढा बिनतारी कीबोर्ड. गुरुजी एकेक अक्षर दाबत आणि समोरच्या फळीवर ठेवलेला टॅब ते वाक्य बाईच्या आवाजात बोलून दाखवी. जव्हारच्या त्या घरात गुरुजींना तेवढंच तोंड होतं.

कीबोर्डच्या कोपऱ्यात तीन बटणं होती. एक दाबलं की लिहिलेलं टॅबवर जाई, दोन दाबलं की हेमंतच्या कॉम्प्युटरवर, तीन दाबलं की हेमंतच्या मोबाइलवर. "एकदा जोडून ठेवलं की नुसतं बटण बदलायचं, बाबा," असं त्यानेच कौतुकाने शिकवलं होतं.

त्या सकाळी गुरुजींची थोरली बहीण हिराबाई वांगणीहून जीपने आली. घर बापाचं, दोघा भावंडांच्या नावावरचं. गुरुजींच्या वाट्याचं मुखत्यारपत्र हेमंतने आधीच करून घेतलं होतं. हेमंतला ते विकायचं होतं आणि गुरुजींना नाशिककडच्या वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. हिराबाईला अक्षर येत नव्हतं, पण ती अडून बसली होती.

"मंगळ्या सोता सांगल तवाच मी अंगठा देन. नाय म्हनला, तर त्याला माझ्या घरी नेन."

हेमंतने कीबोर्ड पुसल्यासारखं केलं आणि वडलांच्या मांडीवर ठेवला.

"बोल रं भावा," हिराबाई हसली. "तुझी टॅबातली बायको बोलू दे. म्हातारपनी बरी गावली तुला!"

गुरुजींनी बहिणीला लिहिलं, 'बाय, मला इथून हलवू देऊ नको. नाहीतर तुझ्याकडे ने.'

टॅब गप्प.

गुरुजींची नजर कोपऱ्यात गेली. निळा दिवा तिसऱ्या बटणाशी होता.

"माझ्या मोबाइलवर आलं, आत्या," हेमंत म्हणाला. "वाचतो. 'बाय, मला हेमंतच्या म्हणण्याप्रमाणे जाऊ दे. इथं माझा जीव रमत नाही.'"

गुरुजींनी एक नंबर दाबला. दिवा नुसता लुकलुकत राहिला. मुलाने टॅबची जोडणीच काढून टाकली होती. आता टॅबवर बोट टेकवून होकार दिल्याशिवाय ती पुन्हा होणार नव्हती, आणि फळी हाताच्या पलीकडे होती. गुरुजींनी पुन्हा तीन दाबलं. 'खोटं. खोटं. खोटं.'

"म्हणतात, लवकर करा," हेमंतने वाचलं. दारात उभ्या असलेल्या उज्ज्वलाने, त्याच्या बायकोने, तोंडाला पदर लावला. तिला हसू आवरत नव्हतं.

मग गुरुजींनी मान हलवली. नाही, नाही, नाही. हिराबाई उठून जवळ आली. तिने भावाची हनुवटी धरली आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. लहानपणी मुकाट मार खाताना हा असाच बघायचा. तिला सगळं कळलं. कळलं, हे गुरुजींनाही दिसलं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

पण हिराबाईचा मुलगा कामासाठी ठाण्याकडे गेलेला. विहीर आटलेली. सून डोक्यावरून पाणी आणून वैतागलेली. त्यात या माणसाला उचलायचं कुणी, धुवायचं कुणी?

तिने हनुवटी सोडली.

"मान हलती रं त्याची. दुखन्यानं असंल."

"हो, आत्या. हल्ली फार हलते."

"म्हनतोय तर न्या मग."

हेमंतने मोबाइल पाटावर ठेवला, शेजारी विक्रीचे कागद पसरले आणि शाईचा डबा काढला. हिराबाईने अंगठा पुढे केला. गुरुजींचा डावा हात चालूच होता. 'बाय. बाय. बाय.' पाटावरच्या काचेवर अक्षरं उमटत होती.

"ह्याच्यात कायतरी येतंय," हिराबाई म्हणाली.

"कामाचं नाही, आत्या."

"बरं," ती म्हणाली आणि कागदावर अंगठा टेकवला.