बंद कारखान्यातली गैरहजेरी

मंगळवार पेठेतल्या बाळासो मालकांच्या मसाल्याच्या कारखान्यात गौरीपूजनाला मिरची कांडायचे डंक बंद असायचे. दाराला कुलूप लागायचं आणि बायका एकमेकींना सांगायच्या, उद्या सुट्टी. आता ही सुट्टी कशी, तर सगळ्या बायकांनी उजाडताच मालकांच्या घरी जायचं, मालकीण वहिनीसाबांच्या हाताखाली पुरण वाटायचं, त्यांच्या साऱ्या गोतावळ्याच्या पोळ्या लाटायच्या, पंगती उठल्या की खरकटं काढायचं आणि दिवेलागणीला एकेक खण घेऊन आपापल्या घरी परतायचं. चिमणाबाईसुद्धा इतकी वर्षं त्याला सुट्टीच म्हणत आली होती. तिच्या घरची गौर दरसाल शेजारीण पुजायची.

सत्तरच्या पुढचं कुठलंसं साल. त्या वर्षी तिच्या घरात नवी सून आली होती, शालू. सुनेचा पहिला ओवसा म्हणजे तिने सूप भरून सासूच्या हातात द्यायचं. सासूच लोकाच्या चुलीपुढे बसली तर सूप द्यायचं कुणाला? आदल्या दिवशी मिरचीचे देठ खुडता खुडता चिमणाबाईने मुकादमाच्या कानावर घातलं.

"गुंडूभाऊ, उद्या मी न्हाय येनार. सुनंचा ओवसा हाय."

"मग रजा माग की मालकांकडं."

"सुट्टीच्या दिवसाची रजा कशी मागत्यात?"

गुंडू हसला. "लई शानी झालीस व्हय गं? वहिनीसाबांनी तुला धरून डाळ काढलीया."

"मग मला सोडून शिजवा म्हनावं."

दुसऱ्या दिवशी शालू हिरवं लुगडं नेसून, सूप दोन्ही हातांत धरून पुढे आली आणि दारात सायकलची घंटी वाजली. गुंडूच होता. त्याने उंबऱ्याबाहेरूनच आवाज दिला.

"चल गं, खोळंबा झालाय. मालक म्हंत्यात, घरची बाई समजून बोलावतोय."

"घरची व्हय? घरच्या बाईला एकदा तरी पयल्या पंगतीला बसवलंया का?"

"हे मी मालकांना सांगू?"

"सांग की. शब्द गाळू नगं."

गुंडू सायकल वळवून गेला. शालू सूप धरूनच एक पाऊल मागे सरली. "आत्याबाई, काम जाईल की तुमचं."

"ते माझं मी बघतो. तू पदर सारका कर आन दे हिकडं."

गौरी गेल्या, कारखाना उघडला. गुंडू दारातच आडवा उभा होता. "तुझी गैरहजेरी लागलीया. आठवडाभर घरी बसायचं."

चिमणाबाईला आधी वाटलं, तो चेष्टा करतोय. मग तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्याला बाजूला सारून ती तरातरा मालकांपुढे जाऊन उभी राहिली.

"मालक, गौरीच्या दिशी कारखान्याला कुलूप हुतं का न्हवतं?"

"होतं की."

"मग मी गैरहजर कुठनं?"

बाळासो मालक बशीत चहा ओतत होते. वर न बघता म्हणाले, "चिमणाबाई, मी तुम्हा बायकांना घरातली माणसं मानतो. कामगार कधी मानलंच नाही."

"तेच तर म्हनतो मी. कामगार माना. कामगाराला सुट्टी अस्ती."

बाहेर बायकांचे हात थांबले होते. चाळणीवर बसलेली अंबूबाई सगळ्यांत वयस्कर. मालकांपुढे तिने आजवर डोळा वर केला नव्हता. तिने तिथूनच विचारलं, "मालक, ही गैरहजर, म्हंजे आमी त्या दिशी कामावर हुतो. व्हय न्हवं?"

मालकांनी बशी तोंडाला लावली.

"मग आमची सुट्टी ऱ्हायली की. ती आज घेतो."

तिने हात झटकले, गुडघ्यावर भार देऊन उठली आणि चपला पायात सरकवल्या. तिच्यामागे एकेक करत सगळ्या उठल्या. भाजलेली मिरची तशीच पसरलेली.

"अगं, मसाला हवा धरंल!" गुंडू ओरडत फाटकापर्यंत धावला.

"वहिनीसाबांना बोलावा की," कुणीतरी म्हणालं, "घरचंच काम हाय." बायका हसत हसत भर सकाळच्या उन्हात आपापल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई कामावर बसली. तिला कुणी अडवलं नाही. गैरहजेरी खोडली गेली, पण चुकलं एवढा शब्द ना मालकांच्या तोंडून आला ना मुकादमाच्या. पुढच्या गौरीला मालकांकडे आचारी आले, आणि वहिनीसाब हळदीकुंकवाला येईल त्या बाईला सांगत राहिल्या, "एवढं घरच्यासारखं केलं हो, तरी उलटल्या."