कंसातल्या अकरा ओळी

बाबा जाऊन सात आठवडे झाले, तेव्हा त्यांच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं आली. शुक्रवारपर्यंत तपासून परत पाठवायची होती. पुस्तक म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपने आपल्या राजाला लॅटिनमध्ये लिहिलेलं लांबलचक पत्र. कायदा राजालाही लागू होतो, एवढंच ते सांगतं, पण फार जपून सांगतं. बाबांनी या पत्रापायी आयुष्यातली तीस वर्षं घातली. मला लॅटिन येतं तेही त्यांची प्रुफं वाचून वाचूनच.

या पत्राची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे आणि तिचं एक पान ओल लागून कुजलं आहे. तिथल्या अकरा ओळी गेल्या. अशा जागी संपादक आपल्या अंदाजाने मजकूर भरतो आणि तो चौकटी कंसात घालतो, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे मूळ लेखकाचं नाही. प्रुफात त्या अकरा ओळी होत्या. कंस नव्हते.

बाबांच्या खोलीत जाऊन मी त्यांची टिपणांची कार्डं काढली. दुपारचे तीन वाजले होते. ही त्यांची कामाची वेळ, त्यामुळे आत शिरताना मी दारावर टकटक केली. केल्यावर लक्षात आलं. तरी क्षणभर थांबले.

कार्ड सापडलं. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेल्या त्याच अकरा ओळी. खाली, ‘ही माझी भर. कंसात.’ आणि तारीख. ताई घर सोडून गेली त्याच्या आठव्या दिवसाची.

शिक्षण अर्धवट टाकून, कुणाला न विचारता ताईने लग्न केलं, तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले होते, “या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.” एकोणीस वर्षांत ते त्यांनी मागे घेतलं नाही. अंत्यसंस्काराला मी बोलावलं, तर ताई म्हणाली, “हुकूम अजून रद्द झालेला नाही.”

छपाईला दिलेली प्रत टाइप केली होती बाबांच्या विद्यार्थ्याने. तो आता स्वतः प्राध्यापक आहे, पण आमच्या घरी त्याचं नाव शेपूट. कायम बाबांच्या मागे असायचा म्हणून ताईनेच ठेवलेलं. मी त्याला बोलावून कार्ड दाखवलं.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला. “शेवटच्या महिन्यांत सर डोळे मिटून मजकूर सांगायचे. या ओळींपाशी आल्यावर मी विचारलं, सर, कंस? तर म्हणाले, कशाला? तो स्वतः सांगतोय, तुला ऐकू येत नाही का?”

“कोण सांगत होतं?”

“बिशप.” त्याने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि नजर वळवली. “ते मधेच थांबायचे, मान डोलवायचे. कुणी हळू सांगत असलं की आपण थांबतो ना, तसं.”

“आणि तुम्ही टाइप करत राहिलात.”

“सरांना नाही म्हणायची सवय तुला तरी होती का?”

मी कार्ड प्रुफाशेजारी ठेवलं.

“आहे तसं जाऊ दे,” तो म्हणाला. “अलीकडच्या दोन लेखांत सरांनी या ओळी बिशपच्या म्हणून दिल्यात. आता कंस घातलेस तर लोक म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता. नाहीतर म्हणतील, लबाड होता. यातलं कुठलं चालेल तुला?”

तो गेल्यावर मी खोलीतच बसले. कंस घातले तर बाबांचं नाव जाणार होतं, न घातले तर त्यांचं म्हणणं बिशपच्या नावावर जाणार होतं. ओळी मनात वाचायला लागले की आवाज त्यांचाच येई, किंचित घाईतला. शेवटी ताईला फोन लावून सगळं सांगितलं.

“अकरा ओळी,” ती म्हणाली. “त्याही लॅटिनमध्ये. त्याही दुसऱ्याच्या नावावर. लोक साधा फोन करतात गं.”

“कंस घालू का?”

“त्यांचं आहे ना ते? मग त्यांच्या नावावर लाव. भ्रमिष्ट तर भ्रमिष्ट.”

फोन कानाशी धरूनच मी प्रुफावर लाल शाईने दोन्ही कंस घातले आणि समासात लिहिलं, ‘या ओळी संपादकाच्या.’

“आता वाच,” ती म्हणाली. “आपल्या भाषेत.”

मी वाचलं, “ज्याला तू दाराबाहेर काढलंस, त्याच्या दाराशी तू स्वतः जा. दूत पाठवू नकोस, दूताला तुझी लाज कळत नाही. दिलेला निकाल चुकला असेल तर तो मागे घे. आता उशीर झाला म्हणणं, हा राजांचा जुना आळस आहे...”

अकरावी ओळ संपली. कार्ड मी उलटं ठेवलं. पलीकडे ताई काहीच बोलेना. मला वाटलं रडते आहे, म्हणून मीही बोलले नाही.

“ताई?”

“श्श,” ती हलकेच म्हणाली. “मधे बोलू नकोस. ऐकू दे मला.”