भासऱ्यांचं खाकरणं

इचोड्याच्या बाजारातून परतताना ॲटो कलंडला, तेव्हा जयवंताबाईंनी आधी डोक्यावरचा पदर सावरला आणि मगच खुबा मोडला म्हणून बोंब ठोकली. कारण त्याच ॲटोत त्यांचे भासरे, म्हणजे थोरले दीर यशवंतराव, खांदा धरून पालथे पडले होते.

आता दोघंही आदिलाबादच्या एकाच दवाखान्यात, व्यायामाच्या एकाच खोलीत. यशवंतराव भिंतीवरच्या चाकाची दोरी ओढत आणि जयवंताबाई वॉकर धरून चालत. चालत म्हणजे, भासरे खाकरेपर्यंत. ते खाकरले की बाईंचे दोन्ही हात वॉकर सोडून पदराकडे धावत आणि व्यायाम शिकवणारी प्रणिता त्यांना कमरेला धरून वाचवी.

प्रणिता बेल्लमपल्लीची, घरी तेलुगू बोलणारी. "अम्मा, हात काऊन सोडता?"

"मोठेबाबा हायेत ना तिथं!" बाईंनी भासऱ्यांच्या दिशेनं हनुवटी हलवली.

तिनं पदराला पिन लावून दिली. तरी हात गेलेच. लग्नापासूनची सवय ती, पिनेला कुठली जुमानते!

शनिवारी डॉक्टर पाहणार होते. कुणी न धरता बाई दारापर्यंत गेल्या तर गावी. नाही तर लेक गोपाल त्यांना हैदराबादला, पाचव्या मजल्यावर नेणार होता. तिथं ना अंगण, ना म्हैस, ना भांडायला शेजारीण.

शेवटी प्रणिता यशवंतरावांकडे गेली. "तात्या, खोकू नका ना."

"मी खोकतो?" ते दुखावले. "मी वर्दी देऊन राह्यलो! बाईमाणसात न खाकरता बसणारा माणूस वाटलो का मी तुले?"

पण हैदराबादचं ऐकल्यावर म्हणाले, "बरं, शनिवारी नाही खाकरत."

शनिवारी ते भिंतीकडे तोंड करून, ओठ घट्ट मिटून बसले. बाई निघाल्या. एक पाऊल, आणखी एक. खोलीच्या मध्यावर आल्या आणि थांबल्याच. आज खाकरणं कसं नाही? माणूस बसल्या बसल्या गेला तर नाही ना?

"बघा," गोपाल डॉक्टरांना म्हणाला, "आईला नाही जमत. मी नेतो."

बाईंचं लक्ष तिकडे नव्हतंच. उभ्या जन्मात ज्या माणसाशी त्या थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्याच्या पाठीला त्यांनी विचारलं, "मोठेबाबा, बरे हाय ना?"

यशवंतराव दचकले. दोरी हातातून सुटली. भिंतीलाच म्हणाले, "मी बरा हाय. तू चाल."

बाई चालल्या. पिन कधी निसटली आणि पदर कधी खांद्यावर आला, त्यांना कळलंही नाही. दाराची चौकट गाठून त्यांनी लेकाकडे पाहिलं. "म्हशीले सरकी आणून ठेव. उद्या येतो मी."

मागं यशवंतराव अजून भिंतीकडेच पाहत होते. "पोरी, पोचली का ती?"

"तुमीच पाहा ना, तात्या."

"मी कसा पाहू? पदर हाय का डोक्यावर?"

"नाही."

"मंग तूच सांग!"