होडीच्या फळीचा स्टँड

मित्रांनो, कल्पिताच्या टेबलावर मॉनिटर उचलून धरणारा लाकडी स्टँड तो मी. त्याआधी मी गोराईच्या धर्मा कोळ्याच्या होडीतली फळी होतो. वीस वर्षं समुद्र पाहिला. एकदा एका देवमाशाने माझ्यावर पाठ खाजवून घेतली. खोटं वाटत असेल, तर त्यालाच विचारा.

होडी मोडीत निघाली तेव्हा धर्मा दोन दिवस जेवला नाही. मला काही वाटलं नाही. लाकडाला काय वाटणार?

त्याची मुलगी कल्पिता अंधेरीच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. मॉनिटरकडे वाकून बघताना तिची मान धरायची, म्हणून ती मला चारकोपच्या अंबादास सुताराकडे घेऊन गेली. त्याने तिला खुर्चीत बसवून डोळ्यांपर्यंतची उंची मापली. माझ्या पायांना तीन-तीन भोकं पाडली. खुंटी सरकवली की मी उंच किंवा ठेंगणा. पेनांसाठी खाच केली, मोबाइलसाठी खोबण केली. पॉलिश तेवढं राहिलं. ते धर्माने परस्पर उरकलं. नारळी पुनवेआधी होडीला लावायचा तेच माशाचं तेल, चांगले दोन हात!

ऑफिसात शेजारच्या निमेशने नाक उडवलं. "कल्पिता, बोंबील डब्यात आहेत की टेबलात?"

सगळे हसले. तीही हसली. संध्याकाळी मी खालच्या कपाटात गेलो आणि मॉनिटर कागदांच्या दोन गठ्ठ्यांवर चढला.

रोज दुपारी धर्माचा फोन यायचा. "फली बरी हाय ना?"

"झकास, बाबा."

कपाटात मी सुकलो. मधोमध चीर गेली. तेव्हाही काही वाटलं नाही.

पुढच्या नारळी पुनवेआधी धर्मा डबा घेऊन थेट ऑफिसात. "बाय, वरीस झाला. तेल लावाला आयलू."

कल्पिताचा हात माउसवरच थांबला. धर्माने मॉनिटरखालचे कागद पाहिले. मग कपाटाकडे पाहिलं. ते तेल त्याच्या नाकाला बंद दारातूनही कळतं. त्याने कपाट उघडलं नाही.

"मना सांगाचा व्हता गो," एवढंच म्हणून तो वळला.

कल्पिताने मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं, खुंटी मधल्या भोकात बसवली. "बाबा, बसा. लावा तेल."

निमेश हळूच म्हणाला, "काका, मी पंखा लावू?"

"लाव," धर्मा म्हणाला आणि त्याने बोट आधी चिरेवर ठेवलं.

मित्रांनो, तेल लावण्याआधी घरच्यांना विचारत जा. पण ज्याला कपाटात ठेवलंत, त्याचं दार वर्षातून एकदा तरी उघडा.

मला? मला काही वाटलं नाही. तेल मात्र सगळं प्यायलो.