पेटीतली दुपटी

सिंधूताईंनी बाळाच्या अंगावरचं दुपटं सोडलं आणि वजनकाट्याकडे वळता वळता त्या थांबल्या. दुपटं त्यांनी नाकाशी धरलं.

“हे कुठं ठेवलं होतं?”

“पेटीत,” दारात उभा असलेला देवाजी म्हणाला. “धुतलेलं हाय सिस्टर. एकदम साफ हाय.”

“पेटीत काय टाकलं होतं?”

“डांबराच्या गोळ्या. कसर लागू नये म्हणून.”

सिंधूताईंनी दुपटं, झबलं, टोपडं, सगळं भराभर काढून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं, पिशवीला गाठ मारली आणि आत हाक दिली, “मॅडम, जरा लवकर या!”

त्या हाकेसरशी देवाजी दारातून आत आला. पाच दिवसांचं ते बाळ, त्याचा नातू, काट्यावर उघडं पडलं होतं. हळदीत बुडवून काढल्यासारखं. तळपायसुद्धा पिवळे. सकाळपासून त्यानं दूध ओढलं नव्हतं, आणि आता रडतही नव्हतं. ते न रडणंच देवाजीला सगळ्यात वाईट वाटत होतं.

गांधीबागेच्या बाजारात साड्यांच्या एका ठोक दुकानाच्या गोदामात देवाजी मेश्राम छत्तीस वर्षं काम करत होता. गठ्ठे उघडायचे, थप्प्या लावायच्या, थप्पीथप्पीत मूठभर डांबरगोळ्या टाकायच्या. आठवड्याला एक गोणी संपायची. संध्याकाळी तो इंदोऱ्याला घरी पोचला, की तो दिसायच्या आधी त्याचा वास घरात शिरायचा. पोरगी दीक्षा लहानपणी म्हणायची, बाबा आले, वास आला. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून त्यानं मालकाला विचारून मलमलचे उरलेले तुकडे बाजूला काढायला सुरुवात केली. त्याच्या बायकोनं, भीमाबाईनं, त्यांच्या कडांना दोरा मारला. चौदा दुपटी झाली. पेटीत नीट रचली, आणि चांगली राहावीत म्हणून देवाजीनं गोदामातल्याच गोळ्या त्यात टाकल्या. मूठभर. हात आखडता घेतला नाही.

डॉक्टर दिपाली ठवकर आल्या. बाळाच्या छातीवर बोट दाबून पाहिलं, पापणी वर केली, रक्त काढायला सांगितलं. पाऊण तासानं त्यांनी देवाजीला आणि नुकत्याच कुहीहून धावत आलेल्या जावयाला समोर बसवलं. धम्मदीपचं कुहीला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. हात धुवायलाही तो थांबला नव्हता.

“कावीळ सव्वीसवर गेली आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “हा पिवळा रंग मेंदूत उतरला तर बाळाचं ऐकणं, चालणं, सगळंच धोक्यात येतं. निळ्या दिव्याखाली ठेवलंय, पण तेवढ्यानं भागणार नाही. रक्त बदलावं लागेल.”

“पण झालं कशानं मॅडम?” धम्मदीपनं विचारलं. “पैदा झाला तवा तर चांगला होता!”

“माझा अंदाज सांगते. आपल्या शरीरात जी कामं चालतात, त्यातल्या प्रत्येकासाठी एकेक एन्झाइम असतं. ते काम घडवून आणतं आणि स्वतः संपत नाही, लगेच पुढच्या कामाला लागतं. रक्ताच्या तांबड्या पेशीत असंच एक आहे. पेशी आतून करपू नये म्हणून ते राखण करतं. एरवी त्याचं काम सावकाश चालतं. पण डांबरगोळीसारखं काही अंगात गेलं, की त्याला एकदम वेग घ्यावा लागतो. काही बाळांमध्ये ते जन्मतःच कमी असतं. वेग घेताच येत नाही. मग पेशी फुटतात आणि हा पिवळा रंग तयार होतो.”

“आन् तो रंग बाहेर नाही पडत?” धम्मदीप म्हणाला.

“तो बाहेर टाकायचं काम यकृतातल्या दुसऱ्या एन्झाइमचं. पाच दिवसांच्या बाळात तेही अजून पुरतं जागं झालेलं नसतं.”

देवाजीला सगळे शब्द कळले नाहीत, पण मतलब कळला. एरवी दोन माणसांवर गोदाम चालतं. लग्नसराईत एकाच सकाळी तीन ट्रक उभे राहिले की त्या दोघांची कशी दैना होते, ते त्यानं पाहिलेलं होतं.

“मालिश करता का बाळाला?” डॉक्टरांनी विचारलं.

“त्याची आजी करते. तिळाच्या तेलानं,” देवाजी म्हणाला.

“तेलाच्या अंगातून डांबर आणखी लवकर शिरतं.”

म्हणजे दोघांनी मिळून केलं. तिनं तेल लावलं आणि त्यानं कापडं दिली. देवाजी उठून उभा राहिला. बाही वर केली.

“माझं रक्त घ्या मॅडम. लागंल तेवढं घ्या. आजा हाय मी त्याचा.”

“काका, नात्यातलं रक्त आम्ही घेत नाही. ब्लड बँकेतून येतंय.” डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. “तुम्ही आईचे वडील ना? हा दोष आईकडून मुलाला येतो. तिच्या माहेरी कुणाला असं झालं होतं? मलेरियाच्या गोळ्यांनी लघवी काळी होणं, डोळे पिवळे होणं?”

देवाजी खाली बसला.

तो बावीस वर्षांचा होता. वस्तीत तापाची साथ होती आणि सरकारी माणूस घरोघर गोळ्या देऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. महिनाभर तो भिंत धरून चालला. ताप डोक्यात गेला, म्हणाले सगळे. पुढं लग्न ठरलं तेव्हा आईनं बजावलं, हे कोणापाशी बोलू नको. तो बोलला नाही. भीमाबाईलाही नाही.

जावई शेजारी बसला होता. कुहीला त्याची आई फोनची वाट पाहत होती. माहेरी बाळंतपणाला पाठवलेली सून, पहिला नातू. आता गप्प राहिलं तर कुणाला काय कळणार होतं?

“ते माहीत असून काही फायदा होते का मॅडम?” त्यानं विचारलं.

“होतो. नेमकं काय आहे ते कळलं तर पुढची औषधं सांभाळून देता येतात. रक्त बदललं की तपासणीत दुसऱ्याचंच रक्त दिसेल, म्हणून नमुना आत्ताच काढून ठेवतेय.”

“मले झालं होतं,” देवाजी म्हणाला. आवाज इतका बारीक, की डॉक्टरांना पुन्हा विचारावं लागलं. “मलेच झालं होतं. त्याच गोळ्यांनी. माझ्यातूनच आलं हे. आन् दुपटीबी मीच देल्ली.”

धम्मदीप उठून बाहेर गेला.

रक्त बदलायला दोन तास लागले. बेंबीच्या नाळेतून थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. पॅसेजमधल्या बाकावर देवाजी शर्टाच्या बाहीचा वास घेत बसला. छत्तीस वर्षांत त्याला स्वतःचा वास कधी आला नव्हता. आज येत होता. वॉर्डातून दीक्षा भिंतीच्या आधारानं त्याच्याकडे येताना दिसली, तसा तो घाईनं उठून मागं सरकला.

“जवळ नको येऊ वं. अंगाले वास हाय माझ्या.”

“काहून असं करून राहिले बाबा?” दीक्षा रडायला लागली. नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं होतं. “तुम्हाले मालूम होतं का?”

ती बाकाच्या एका टोकाला बसली, तो दुसऱ्या टोकाला. मध्ये भीमाबाई येऊन बसली. आपले तेलाचे हात ती पुन्हा पुन्हा पदराला पुसत राहिली, हात कोरडे होते तरी.

जिन्यावरून धम्मदीप वर आला. त्याच्या हातात नवी पिशवी होती; बाळाचे कपडे, दुकानातून आणलेले. ती त्यानं दीक्षाच्या मांडीवर ठेवली आणि सासऱ्यापुढं उभा राहिला.

“मायले फोन केला मी. जनमताच रक्तात कमी होतं म्हणून सांगतलं. बाकी काही नाही सांगतलं. तुम्हीबी नका सांगू.”

“पण जवाईबापू...”

“तुम्ही सांगतलं नसतं तं आमाले कोठून कळलं असतं?” एवढं बोलून तो काचेपाशी जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी कावीळ चौदावर आली. दुसऱ्या दिवशी बाळ रडलं, चांगलं खणखणीत, आणि पॅसेजमधले अनोळखी लोकही हसले. तरी डॉक्टरांनी धोका टळला असं म्हटलं नाही. तीन महिन्यांनी कानांची तपासणी करू, म्हणाल्या, तेव्हाच नक्की सांगता येईल. त्या तीन महिन्यांचा धसका देवाजीनं त्याच दिवशी घेतला.

डॉक्टरांनी त्याचंही रक्त तपासायला पाठवलं होतं. बाळाला घरी सोडायच्या दिवशी दोन्ही कागद आले. बाळाच्यात एन्झाइम कमी होतं आणि आज्याच्यातही. गोदामाचं काम सोडायला त्यांनी सांगितलं. तुमचे डोळे थोडे पिवळेच असतात काका, इतकी वर्षं कुणी पाहिलं नाही का? देवाजी नुसता हसला.

सिंधूताईंनी बाळाचं कार्ड केलं. त्यावर पाळण्यातल्या बाळाचं चित्र होतं आणि खाली चालणार नाहीत अशा औषधांची यादी. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी हे दाखवायचं, त्यांनी बजावलं. दीक्षानं ते बाळाच्या कागदांत ठेवलं. सगळे लिफ्टकडे निघाले. देवाजी मागं रेंगाळला.

“सिस्टर, मलेबी एक देता का?”

सिंधूताईंनी वर पाहिलं. मग खणातून तसंच एक कार्ड काढलं.

“नाव?”

“देवाजी मेश्राम.”

“वय?”

“एकोणसाठ.”

त्यांनी आकडा लिहिला. त्याच्यापुढं छापलेल्या ‘दिवस’ या शब्दावर काट मारली, वर बारीक अक्षरात ‘वर्षे’ लिहिलं आणि कार्ड त्याच्यापुढं धरलं. शाई ओली होती. देवाजीनं ते दोन्ही हातांत घेतलं आणि वाळेपर्यंत तिथंच उभा राहिला.